पडीक पायऱ्या

“साहेब, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायला आम्हीही तिकीट काढायचं का?”

मैत्रिणींनी पैज लावली म्हणून मी भर सभेत विचारलं. सगळे हसले. आमच्या बंदरावरचा किल्ला दुरुस्त करणारे साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी नकाशा पुढे केला. “कुठे देता नारळ?”

मी बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, ‘पडीक पायऱ्या. इथे तिकीटखिडकी.’

“पडीक? अहो, अख्खा कोळीवाडा उतरतो तिथून!”

“मला कुणी सांगितलंच नाही गं. सोमवारी आराखडा पक्का होतोय. तोवर तुमच्या वापरातल्या सगळ्या जागा नकाशावर काढून आण, त्यांना हात लावणार नाही.”

घरात शिरतानाच मी जाहीर केलं, “आई, बाबा, रविवारी मामाच्या हळदीला तुम्हीच नाचा. मी घरोघर विचारून किल्ल्याचा आपला नकाशा काढणार आहे!”