प्रोटॉन देतं ते आम्ल

कोरमंगलाच्या ऑफिसातून यशवंतपूरला घरी पोचेपर्यंत आश्लेषाच्या अंगात त्राण उरायचं नाही. तरी चपला काढल्या की ती आधी अण्णांच्या पलंगाशी जायची. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेले तिचे वडील आताशा माणसांची नावं विसरत, जेवलो हेही विसरत. पण कीर्तनातल्या ध्रुपदासारखी एक व्याख्या तेवढी ओठांवर टिकून होती. म्हणून ती रोज मुद्दाम चुकायची.

"अण्णा, प्रोटॉन घेतं ते आम्ल ना?"

"देतं! देतं ते आम्ल, घेते ती आम्लारी. मठ्ठ कुठली! पास कोणी केलं तुला?" अण्णा कडाडायचे, आणि बोलणी खाऊन तिचा जीव भांड्यात पडायचा. अण्णा अजून हरवले नव्हते.

आजही तिनं दमल्या आवाजात तेच विचारलं.

अण्णांनी तिच्याकडे कौतुकानं पाहिलं. हात तिच्या डोक्यावर ठेवला. "सरी, पोरी, सरी," ते कानडीत म्हणाले. "अगदी बरोबर! शाब्बास!"

आश्लेषा तिथेच पलंगाच्या कडेला बसून राहिली. उभ्या जन्मात अण्णांनी तिला दिलेली ही पहिली शाबासकी होती.