पाचशे सत्त्याण्णव मीटर

नेपच्यून नेमका थोरल्या भावाच्या दारात येत होता.

घड्याळजी मोजपट्टी हातात धरून इस्त्रीच्या दुकानापाशी थांबला. अजून वीस मीटर मोजायचे होते, आणि वीस मीटरवर ते निळं दार होतं. नऊ वर्षांत तो या दारावरून एकदाही गेला नव्हता. पलीकडे काम निघालं, तर मागच्या गल्लीनं वळसा घालून जायचा.

"मोजताना काहीतरी चुकलंय," तो बायकोला म्हणाला.

"तुम्हीच मोजलंय."

सेकंदाच्या फरकासाठी घड्याळ पुन्हा उघडणारा माणूस तो. बायको शाळेत विज्ञान शिकवायची. दहा वाजता तिचा वर्ग रस्त्यावर मांडलेली सूर्यमाला बघायला येणार होता. 'अंतरं तुमच्याइतकी बिनचूक दुसरं कोण मोजणार,' असं तिनं सकाळी म्हटलं, आणि गडी खुशीत कामाला लागला होता.

तिनं कागदाच्या लगद्याचा सूर्य करून त्यांच्याच दुकानाच्या दारात टांगला होता. तिथून वीसेक मीटरवर, टपालपेटीपाशी, पृथ्वी आली. पृथ्वी म्हणजे मोहरीचा दाणा. तिच्यापासून तीन बोटांवर चंद्र. चंद्राला तर दाणाही सापडेना, खसखससुद्धा मोठी पडत होती. शेवटी कार्डावर टाचणीनं टोचून भागवलं.

"पुस्तकात तर सगळे एका बाकावर दाटीवाटीनं बसल्यासारखे असतात," घड्याळजी म्हणाला होता.

"पानात मावायला नकोत का? ग्रह दिसतील एवढे काढले तर अंतरं मावत नाहीत. अंतरं खरी दाखवली तर ग्रह दिसत नाहीत."

हे त्याला फार आवडलं. औषधाच्या दुकानाशी गुरू आला, एक गोटी. वाचनालयाच्या फाटकाशी शनी. मग नुसता रस्ताच रस्ता, आणि पार बेकरीपाशी युरेनस. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात जवळजवळ काहीच नाही, याची गंमत वाटून तो स्वतःशीच हसत होता. बेकरी मागे टाकल्यावर मात्र त्यानं मान वर केली, आणि रस्ता कुठं चाललाय ते त्याच्या ध्यानात आलं.

"इथंच लावू," तो आता म्हणाला. "वीस मीटरनं काय आभाळ कोसळतंय? मुलांना थोडंच कळणार आहे?"

"नाही कळणार. लावा." तिनं कार्ड आणि पेन पुढं केलं. "फक्त अंतराचा आकडा खरा लिहायचा की खोटा, तेवढं सांगा."

त्यानं पेन हातात घेतलं नाही.

तसं भांडण काही फार मोठं नव्हतं. आईच्या आजारपणात दोघांनीही हात आखडता घेतला नव्हता. पण आई गेल्यावर, कुणी जास्त केलं यावरून शब्दाला शब्द वाढला. "तू पाहुण्यासारखा यायचास आणि जायचास," थोरला म्हणाला. धाकट्यानं त्याहून वाईट उत्तर दिलं. मग आधी कोण बोलतं याची दोघंही वाट बघत बसले.

घड्याळजीनं मोजपट्टीचं टोक पुन्हा जमिनीला टेकवलं. वीस मीटर भरले. दुसऱ्याच्या दारावर न विचारता काही चिकटवणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यानं कडी वाजवली.

थोरला पुस्तकबांधणीचं काम करायचा. कमरेला एप्रन, बोटांना खळ लागलेली, असाच तो दारात आला. त्याचे सगळे केस पांढरे झाले होते. कधी झाले, धाकट्याला पत्ताच नव्हता.

"दादा," घड्याळजी म्हणाला, "तुझ्या दारावर नेपच्यून लावायचाय."

थोरल्यानं त्याच्या तळहातावरचा वाटाणा बघितला.

"किती लांबून आणलास?"

"पाचशे सत्त्याण्णव मीटर."

"एवढंच?" थोरला म्हणाला.

घड्याळजीनं खाली बघत मोजपट्टी गुंडाळायला घेतली. ती गुंडाळलेलीच होती.

"डिंकानं नको लावू," थोरला म्हणाला. "ऊन लागलं की सुटेल. खळ देतो माझी. आत तर ये, असा उभा काय पाहुण्यासार..." त्यानं जीभ चावली. आधी धाकट्याला हसू फुटलं, मग थोरल्याला. मास्तरीणबाई मोहरीची डबी उगाच उघडझाप करत बाजूला उभ्या राहिल्या.

दहा वाजता मुलं आली. सूर्यापासून चालत निळ्या दारापाशी पोचेपर्यंत निम्मी दमली होती. थोरल्यानं सगळ्यांना पाणी दिलं. "नेपच्यून माझ्याकडे उतरलाय," असं तो प्रत्येकाला ऐकवत होता. धाकटा पायरीवर त्याच्या शेजारी बसला होता. चहाचा दुसरा कप त्याच्या हातात होता.

एका मुलीनं हात वर केला. "बाई, सूर्य आणखी मोठा केला असता तर?"

"तर सगळेच ग्रह आणखी लांब गेले असते. नेपच्यून या घराच्याही पुढं गेला असता."

"आणि लहान केला असता तर?"

"तर अलीकडेच राहिला असता. बेकरीपाशी वगैरे."

"मग नेमका एवढाच का केलात?"

कप ओठांशी नेता नेता घड्याळजी थांबला. थोरल्यानंही मान वळवली. दोघंही बाईंकडे बघत होते. बाई मात्र त्या मुलीकडेच बघत होत्या.

"मी आधी रस्ता मोजला," बाई म्हणाल्या, "मग सूर्य केला."