कुऱ्हाडीवरचा चीक

खाणीच्या रस्त्यात आलेलं झाड तोडण्याआधी बुंध्याशी कापड ठेवून त्याची परवानगी मागायची असते. पोइंदीनं मागितली नाही. दात-ओठ खाऊन नुसते घाव घातले. लाल मातीतलं निकेल पिऊन तट्ट फुगलेल्या त्या झाडाचा हिरवा-निळा चीक त्याच्या तोंडावर उडाला.

घरी आला, तर डोंगरापलीकडचा मामा दारात उभा. भाच्याचं रक्त मामाचं असतं. ते सांडलं, की मामा जाब विचारायला येतोच.

"माझं रक्त कुणी सांडलं रे?"

"मला खरचटलंसुद्धा नाही, मामा! झाड तोडलं फक्त."

"खोटारड्या!" मामानं त्याला भिंतीवर आपटलं, मनगट पिरगाळलं आणि कोनफळं सोलायच्या सुरीनं हात चर्रकन कापला.

जखम हाडापर्यंत उघडली. आत सगळं कोरडं. मामानं दोन्ही हातांनी पिळलं, तरी थेंब आला नाही.

पोइंदी किंचाळणार, तेवढ्यात त्याला टपटप ऐकू आली. दाराशी टेकवलेल्या कुऱ्हाडीच्या पात्यावरून चीक अजून ठिबकत होता. त्याच्या छातीत धडधडायला लागलं, तसे थेंबही भराभर पडू लागले.