मागे राहणारा

"तुझ्या मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून खालच्या मजल्यावरचा तो जिमला जाणारा पोरगा चालतो, आणि मी नाही?" सोनटक्क्यांनी चहाचा कप दूर सारला. शाळेपासूनचे त्यांचे मित्र गोडांबे ओशाळले.

"वकील म्हणाले, आपल्या मागे राहील असा साक्षीदार निवडा."

"म्हणजे मी तुझ्याआधी जाणार, हे तू धरूनच चाललास." सोनटक्क्यांनी पिशवीतून ताजा ईसीजी काढून टेबलावर पसरला. "हे बघ. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. तुझी दहा-बारा श्राद्धं तरी जेवून जाईन मी. मला साक्षीदार कर, नाहीतर उद्यापासून फिरायला एकटा जा."

गोडांबे हळूच म्हणाले, "अरे, ज्याच्या नावे काही ठेवलंय, त्याला साक्षीदार करत नाहीत. तू रोज येऊन बसतोस ना, ही शिसवी आरामखुर्ची मी तुला ठेवली आहे."

सोनटक्के बराच वेळ खुर्चीच्या हातावरून बोटं फिरवत राहिले. मग त्यांनी ईसीजीची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

"आजच नेतो," ते म्हणाले. "माझ्या तब्येतीचं काही खरं नाही."