बापाच्या हातचं मशीन

“गाऊन पायतो एकडाव,” म्हणत भीमाबाईने पिशवीतून माइक काढला.

पियूषने चटकन माइकवर हात ठेवला. दुरुस्तीच्या दुकानातून मशीन घरी नेताना गाडीवर मांडीत धरायला कोणी हवं, म्हणून आई कुरुदच्या या दुकानापर्यंत त्याच्या मागे बसून आली होती. माइक सोबत आणल्याचं तिने दुकानात शिरेपर्यंत सांगितलं नव्हतं.

“माइकचं नंतर पाहू न, आई. सर को दूसरा काम है.”

“नंतर कवा? परवा चौदा तारीख हाय. विहारातल्या बाया माह्या भरोशावर बसल्या.” मग ती मेकॅनिककडे, विजयकुमारकडे वळली. “भैया, याचे बाबा होते न, तं रिपेअरी झाली की मीटर नाही लावत. मलेच गायले लावत. म्हनत, तू गायली की मले समजते, मशीन बरं हाय का नाही.”

विजयकुमारने एकदा पियूषकडे पाहिलं. मग माइकची वायर घेतली आणि मशीनला जोडली.

काळ्या पत्र्याचा डबा, पुढे चार बटनं, फिरवून फिरवून गुळगुळीत झालेली. पियूषच्या बापाने, चंपतने, स्टील प्लांटची ड्यूटी करून, सेक्टर दोनच्या क्वार्टरात, एकेक पार्ट जमवत हा काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बायकोच्या गाण्यासाठी बनवला होता. चंपतला जाऊन सहा वर्षं झाली. डब्यावर नवा ओरखडाही नव्हता. पियूषनेच बजावलं होतं, “ऊपर से कुछ मत बदलना, सर. आतून गिटारसाठी करून द्या. जोरात वाजवलं की आवाज फाटला पाहिजे.” आईला त्याने सांगितलं होतं, रिपेअरीला टाकलंय.

व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात भीमाबाईने चपला काढून बाजूला ठेवल्या, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले.

दिवा लाविला दारात, बाबा तुमच्या नावाचा,
उजेड पडू द्या गं, रस्ता दिसू द्या गावाचा…

पहिली ओळ निभावली. दुसरीत ‘उजेड’वर तिचा सूर चढतो. तिथंच तो फाटला, जुनं लुगडं कुणी टरकन ओढावं तसा. ती थांबली. खाकरली. पुन्हा चढली. पुन्हा तिथंच.

“पानी हाय काय, भैया?”

“बाहर मटका है, भाभी.”

ती बाहेर गेली. विजयकुमारने आवाज खाली आणला. “बता दे उनको. पुराने पार्ट सब अलग डिब्बे में रखे हैं. कल दिनभर बैठूंगा, पहले जैसा कर दूंगा.”

“कल तो मेरा गिटार का शो है, सर.”

“मालूम है.”

पियूष बुटाच्या टोकाने फरशी खरडत राहिला. दोन वर्षं याच फाटक्या आवाजासाठी तो झुरला होता. काल ट्रायलला गिटारची तार छेडली तेव्हा अंगावर काटा आला होता. आणि जयंतीत आता डीजेच वाजतात, आईच्या चार ओळी ऐकतंय कोण, असं तो महिनाभर स्वतःला सांगत आला होता. बाहेर ती गुळण्या करत होती. एक, मग दुसरी, मग तिसरी. दवाखान्यात सांगितल्यासारखी, नेमाने.

आत येऊन तिने माइक तोंडापासून जरा लांब धरला. या वेळी ती अगदी हळू गायली, घरात कुणी आजारी माणूस झोपलं असावं तसं. ‘उजेड’ आला आणि गेला. दुकानाच्या दारापर्यंतही पोचला नाही. पण फाटला नाही.

“पाय, असं चालते,” ती म्हणाली, आणि तिला खरंच हायसं वाटलं होतं. “लहान आवाजात चालते. माहा गळाच गेला रे, बाबू. वय झालं न. अगोदर ग्राउंडच्या त्या टोकाले आयकू जाये, बाया पोळ्या टाकून येत.”

“आई, गळा नाही… ते मशीनच…”

“मशीनले नाव नोको ठेवू.” तिने पदराने माइक पुसला. “तुह्या बापाच्या हातचं हाय ते. चाळीस साल झाले, मी जसं गायली तसंच बोललं. आज कावून खोटं बोलन?”

पियूष थांबला. थांबायला त्याला तेवढंच निमित्त पुरे झालं. विजयकुमारने त्यांच्याकडे पाठ केली आणि स्वच्छच असलेलं टेबल पुसायला घेतलं.

मशीन मांडीत घेऊन, त्याला दोन्ही हातांनी कवळून भीमाबाई गाडीवर मागे बसली. वैशाली नगरच्या अलीकडे सिग्नल लागला. पियूषने इंजिन बंद केलं, तेव्हा त्याला पाठीमागून ऐकू आलं.

आई हळू गायची सवय करत होती. चुकून सूर चढला की थांबायची, आणि पुन्हा पहिल्यापासून घ्यायची, आणखी लहान आवाजात.