चौगुले सरांची मोजणी

पिठाने माखलेलं बोट पदराला पुसून कुंदाने कथा पाठवली आणि गिरणीच्या घरघरीतही तिला आपली धडधड ऐकू यायला लागली. शतशब्दकथांच्या ग्रुपवर ती वर्षभर नुसती वाचत होती. ही तिची पहिलीच कथा.

"कुंदाताई, छुप्या रुस्तम निघालात की!" कुणीतरी लिहिलं. "थांबा, आधी चौगुले सरांना मोजू द्या," दुसऱ्याने चिमटा काढला.

गणिताचे निवृत्त शिक्षक चौगुले सर प्रत्येक कथेचे शब्द मोजायचे. कथा कितीही रडवणारी असो, त्यांचं उत्तर एवढंच: "एकशे तीन. तीन काढा." कौतुक कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. कुंदाने सात वेळा मोजले होते, तरी ती आठव्यांदा मोजू लागली.

'सर लिहीत आहेत' अशी अक्षरं उमटली, गेली, पुन्हा उमटली. "अहो ताई, डबा भरला, पीठ सांडतंय!" गिऱ्हाईक ओरडलं. ओंजळभर ज्वारीचं पीठ जमिनीवर गेलं तरी तिची नजर हलली नाही.

मग सरांचा मेसेज आला. "दोनदा वाचली ताई. दोन्ही वेळा मोजायचं विसरलो."