दोन बोटं डिझेल

बाटलीत जेमतेम दोन बोटं डिझेल उरलं होतं. ड्रायव्हरने चिंधीचं टोक त्यात बुडवलं, शर्टाच्या कॉलरला आणि बाह्यांना पुसलं, बूच घट्ट लावलं आणि बाटली डेपोतल्या आपल्या खाटेखाली सरकवली.

"लोक अत्तर लावतात," दारातून मिस्त्री म्हणाला, "आणि आमचे हे साहेब!"

बाकी डेपो खुशीत होता. दीड महिन्यापूर्वी नवं डिझेल आलं होतं, गंधक काढून टाकलेलं. काळा धूर गेला, डोळ्यांची चुरचुर गेली, रात्रीची खोकल्याची जुगलबंदी थांबली. अंगाला वास येईना, तेव्हा एकाच्या बायकोने म्हणे विचारलंच, कामावर गेला होतात की सिनेमाला? कटकट एवढीच, की जुन्या बसचे फिल्टर आठवड्या-आठवड्याला तुंबत होते.

"नवं डिझेल टाकी धुऊन काढतं," मिस्त्रीने सगळ्यांना समजावलं होतं. "वर्षानुवर्षं तळाशी बसलेलं वर येतं. येऊ द्यावं. एकदा निघालं की सुटलो."

जुन्या डिझेलची एक बाटली ड्रायव्हरने त्याच्याकडूनच मागून घेतली होती. कशाला, ते मिस्त्रीने विचारलं नव्हतं.

निघताना एकाने त्याला गाठलं. उद्याची पुलापलीकडची फेरी घेता का, परवा तुमची मी करतो. डेपोत अशी अदलाबदल तोंडीच चाले. वहीत काही नसे, पण कुणी आपली ड्युटी केली तर त्याची आपण करायची, हा नियम कधी कुणी मोडला नव्हता. ड्रायव्हर नाही म्हणाला. गेल्या नऊ वर्षांत त्याने कुणाशी अदलाबदल केली नव्हती, आणि जुन्या लोकांनी त्याला विचारणंही सोडलं होतं. हा पोरगा नवा होता.

सातच्या सुमारास तो आईच्या दाराशी पोचला आणि रोजच्यासारखी कडी दोनदा वाजवली. आईला दिसत नसे. ती भिंतीला धरून येई, दार उघडत असे आणि वास आला की तिचा चेहरा उजळे.

"आलास, बाळा?"

"हं."

तो समोर बसल्याशिवाय ती ताटाला हात लावत नसे. एकदा तापाने तो चार दिवस पडून होता, तर चार दिवस ती नुसत्या पाण्यावर राहिली. पाचव्या दिवशी सलाईन लावावं लागलं. तेव्हा ताईने, तिच्या लेकीने, डेपोत येऊन हात जोडले होते. "तुम्ही आलात की दोन घास तरी जातात तिच्या पोटात." ताई शिवणाच्या कारखान्यातून आठला परते. तोवर ताट वाढायचं, वाटी हाताला लावून द्यायची आणि समोर बसायचं, हे काम त्याचं. तो बोलायचा कमी. आईचा हात चेहऱ्याकडे आला, की ग्रीस लागलंय म्हणून तो हात अलगद आपल्या बाहीवर घ्यायचा. आई बाहीचा वास घेऊन समाधानाने पुढचा घास घ्यायची.

"घसा सुटला तुझा," त्या दिवशी ती म्हणाली.

"धूर कमी झालाय ना."

"नऊ वर्षं घोगराच ऐकत आले." तिने वाटी चाचपली. "बरा वाटतो आवाज. पण अनोळखी वाटतो."

त्यानंतर तो नुसता हुंकार देत राहिला.

चौथ्या दिवशी बाटली संपली. त्याने चिंधी पिळून पाहिली, ती ठणठणीत कोरडी होती. तो मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रीने मान हलवली. "थेंब मिळायचा नाही आता. इथे नाही, कुठल्या पंपावरही नाही." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सांगून टाक एकदाचं. किती दिवस ओढशील?"

धुतलेला शर्ट घालून तो निघाला. काय बोलायचं ते वाटेत दहादा जुळवलं, दहादा मोडलं. कडी दोनदा वाजवली.

दार उघडलं आणि त्याच्या नाकात डिझेलचा वास भरला. जुन्याच डिझेलचा. शर्टात मुरलेला असणार, धुतला तरी गेला नाही, असं वाटून त्याला हायसं वाटलं.

पण आई नेहमीचं बोलली नाही. तिने दोन्ही हात पुढे केले. या वेळी त्याने चेहरा मागे घेतला नाही. तिची बोटं कपाळावरून नाकावर, नाकावरून हनुवटीवर सावकाश फिरली.

"तू माझा मुलगा नाहीस," ती म्हणाली.

"नाही."

आणि तळाशी बसलेलं सगळं वर आलं. नऊ वर्षांपूर्वी कठडा तोडून पुलावरून नदीत गेलेल्या त्या बसवर ड्युटी त्याची होती. त्याला सिनेमाला जायचं होतं, म्हणून मित्राने, या आईच्या मुलाने, ती बदलून घेतली. बस वर काढली, मित्र सापडलाच नाही. तेच सांगायला तो या दारात आला होता, आणि अंगाच्या वासाने फसून आईने त्याला "आलास, बाळा?" म्हटलं होतं. त्या दिवशी सांगायचं राहिलं, ते आजवर.

आई रडली नाही. तिने त्याचा गाल थोपटला. आत स्वयंपाकघरात वाटी सरकल्याचा आवाज झाला. ताई यायला अजून तासभर होता.

"तोही हेच सांगत होता," आई म्हणाली. "सहालाच आलाय. जेवतोय आत. म्हणाला, मित्र आला की पाठव, त्याच्याकडे माझी एक ड्युटी राहिलीय."